युद्धांच्या वाऱ्यावर चाललेली जहाजे

जहाजाचा धंदा हा अंतरावर चालणारा धंदा. माल इथून उचलायचा, तिथे उतरवायचा आणि मधल्या वाटेचे भाडे घ्यायचे. वाट लांबली की भाडे वाढते, वाट अडली की ते आणखी भडकते, आणि वाटा लांबवण्यात, अडवण्यात युद्धाचा हात कोणी धरू शकत नाही. विसाव्या शतकातल्या युद्धांनी हजारो जहाजे समुद्राच्या तळाशी नेली आणि कित्येक जहाजमालकांना देशोधडीला लावले. त्याच युद्धांनी मूठभर माणसांच्या पदरात मात्र राजेरजवाडे फिके पडावेत अशी संपत्ती टाकली.

त्या मूठभरांतले सर्वांत गाजलेले नाव म्हणजे ॲरिस्टॉटल ओनासिस. आपल्याकडे तो ठाऊक आहे तो जॅकलिन केनेडीचा दुसरा नवरा म्हणून. त्याची आलिशान नौका, त्याचे स्कॉर्पिओस बेट, ऑपेरागायिका मारिया कॅलासशी असलेले त्याचे प्रेमप्रकरण यांवर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले. इथे आपल्याला पाहायचा आहे तो त्याचा धंदा. सोळाव्या वर्षी युद्धाने त्याचे घर आणि गाव हिरावून घेतले. पुढचे सारे आयुष्य त्याने ब्युनोस आयर्स, लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, माँटे कार्लो अशा परक्या शहरांत काढले आणि एकामागून एक आलेल्या युद्धांतून तो अधिकाधिक श्रीमंत होत बाहेर पडला.

स्मर्नाची आग

तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आजचे इझ्मिर म्हणजे तेव्हाचे स्मर्ना. ऑटोमन साम्राज्यातले हे भरभराटीचे बंदर. ग्रीक, तुर्क, आर्मेनियन, ज्यू आणि युरोपीय व्यापारी तिथे शेजारीशेजारी नांदत. अंजीर, मनुका, तंबाखू आणि गालिचे इथून जगभर जात. या गावात १९०६ साली सॉक्रेटिस ओनासिस या सधन तंबाखू व्यापाऱ्याच्या घरी ॲरिस्टॉटलचा जन्म झाला. तो लहान असतानाच आई पेनेलोपी वारली आणि आजीने त्याला वाढवले. घरात ग्रीक, बाजारात तुर्की, शाळेत इतर युरोपीय भाषांची तोंडओळख, असे त्याचे बालपण गेले.

पहिले महायुद्ध ऑटोमन साम्राज्य हरले. मे १९१९ मध्ये विजेत्या राष्ट्रांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मर्नात उतरले आणि तिथून अनातोलियाच्या आत घुसत गेले. तीन वर्षांनी पारडे फिरले. ९ सप्टेंबर १९२२ रोजी मुस्तफा केमालच्या तुर्की फौजा स्मर्नात शिरल्या आणि चारच दिवसांनी शहराला आग लागली. ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून खाक झाल्या. लाखो माणसे बंदराच्या धक्क्यावर अडकली. त्यांच्या पाठीमागे आग होती आणि पुढे समुद्र. समुद्रात युरोपीय आणि अमेरिकन युद्धनौका नांगर टाकून उभ्या होत्या, पण तटस्थ राहण्याच्या आदेशामुळे त्यांनी सुरुवातीचे दिवस नुसते पाहण्यात घालवले.

ओनासिसच्या एका काकाला फाशी झाली आणि वडील तुरुंगात गेले. सोळा वर्षांचा मुलगा घरात कर्ता पुरुष उरला. घर ताब्यात घेणाऱ्या तुर्की अधिकाऱ्याची मर्जी त्याने सांभाळली, अमेरिकन उपवाणिज्यदूताशी ओळख वाढवली आणि वडिलांनी बाजूला ठेवलेल्या पैशांतून योग्य त्या हातांवर रकमा ठेवून त्यांची सुटका करवली. कुटुंब ग्रीसला पोहोचल्यावर मात्र वडिलांनी त्याच्याकडे खर्चाचा हिशेब मागितला. इतके पैसे उधळायची गरज नव्हती, असा घरच्यांचा सूर होता. हा सल ओनासिसच्या मनातून कधी गेला नाही, असे त्याचे चरित्रकार लिहितात.

१९२३ च्या लोझान कराराने सक्तीची लोकसंख्येची अदलाबदल ठरली. तुर्कस्तानातल्या सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची पाठवणी ग्रीसला झाली आणि ग्रीसमधल्या सुमारे ४ लाख मुसलमानांची तुर्कस्तानला. आपल्या फाळणीच्या चोवीस वर्षे आधीची ही गोष्ट. गरीब ग्रीस निर्वासितांनी भरून गेला. काम नाही, घर नाही आणि घरात बापाशी अबोला. ओनासिसने देशांतराचा निर्णय घेतला.

तंबाखूतून जहाजांकडे

परदेशात पेढी टाकणे ग्रीकांना नवे नव्हते. एजियन समुद्रातल्या किओस बेटावरच्या रॅली बंधूंनी एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये पेढी काढून कोलकाता आणि मुंबईपर्यंत व्यापाराचे जाळे विणले होते. आपल्या शेतकऱ्यांना कीटकनाशकांमुळे माहीत असलेली, आता टाटा समूहात असलेली रॅलीज कंपनी ही त्या पेढीचीच वारस. पण रॅलींच्या मागे भांडवल होते. १९२३ च्या सप्टेंबरात ब्युनोस आयर्सच्या धक्क्यावर उतरलेल्या ओनासिसकडे होते ते देश नसलेल्यांसाठी निघालेले नान्सेन पारपत्र आणि थोडे पैसे. नॉर्वेचे ध्रुवसंशोधक नान्सेन यांच्या पुढाकाराने राष्ट्रसंघाने ही पारपत्रे सुरू केली होती.

त्याला एका ब्रिटिश टेलिफोन कंपनीत नोकरी मिळाली. वयाची अट पुरी करायला त्याने जन्मसाल १९०० लावले, त्यामुळे पुढे कितीतरी वर्षे त्याच्या वयाबद्दल घोळ राहिला. त्याने मुद्दाम रात्रपाळी मागून घेतली, कारण दिवस धंद्याला मोकळा हवा होता. अर्जेंटिनात तेव्हा जड, काळी तंबाखू चाले. ग्रीस-तुर्कस्तानकडची सौम्य, सुवासिक तंबाखू इथल्या सिगारेटवाल्यांना विकता येईल, असे त्याने हेरले. वडिलांशी पुन्हा सूत जुळवून त्याने नमुने मागवले, कारखानदारांचे उंबरे झिजवले आणि थोड्याच वर्षांत तो तंबाखूचा मोठा आयातदार झाला.

धंदा वाढला तशी त्याला एक गोष्ट कळली. तंबाखूत त्याच्याइतकेच पैसे ती वाहून नेणारा जहाजवाला मिळवत होता. याच सुमारास ग्रीस सरकारच्या जकातविषयक धोरणाने अर्जेंटिनाशी होणारा व्यापार अडचणीत येऊ लागला. ओनासिस अथेन्सला जाऊन मंत्र्यांना भेटला, त्याने व्यापाऱ्यांची बाजू मांडली आणि परतल्यावर तो ब्युनोस आयर्समधला ग्रीसचा वाणिज्यदूत बनला. देश गमावलेल्या पोराच्या हाती आता देशाचा शिक्का होता. बंदरात येणाऱ्या प्रत्येक ग्रीक जहाजाची कागदपत्रे त्याच्या टेबलावरून जात. कोणत्या मालाला काय भाडे, खलाशांचे काय तंटे, बंदरात किती दिवस मोडतात, कप्तान कुठे पैसे खातो, हे सारे त्याला बसल्या जागी शिकायला मिळाले.

मंदीतली खरेदी आणि पनामाचा झेंडा

१९२९ च्या मंदीने जागतिक व्यापार आटला आणि बंदरोबंदरी जहाजे रिकामी उभी राहिली. उभे जहाजही खर्च मागते. पहारा, रंगरंगोटी, बंदराचे भाडे, विमा काही चुकत नाही. त्यामुळे मालक ती मिळेल त्या किमतीला काढत होते. कॅनडाच्या एका सरकारी कंपनीची सहा मालवाहू जहाजे ओनासिसने या काळात घेतली. बांधताना प्रत्येकावर वीसएक लाख डॉलर खर्च झाले होते. त्याला ती सुमारे वीस हजारांना पडली. त्यातल्या दोन जहाजांना त्याने आईवडिलांची नावे दिली.

पहिला धडा त्याला झेंड्याने शिकवला. जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा जहाजावर चालतो. कर, पगार, खलाशी कोणत्या देशाचे, किती आणि कोणत्या हुद्द्याचे, हे सारे त्यावरून ठरते. ओनासिसच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्याचे जहाज रॉटरडॅमला होते, एक स्वयंपाकी आजारी पडला आणि त्याच्या जागी ग्रीकच माणूस मिळेपर्यंत जहाज सोडणार नाही, असे तिथला ग्रीक वाणिज्यदूत अडून बसला. ओनासिसने जहाजाची नोंदणीच ग्रीसमधून काढून पनामात केली आणि नांगर उचलला. गोष्टीला तिखटमीठ लागले असेल, पण तिच्यातला धंद्याचा धडा खरा आहे.

पनामाची ही सोय १९२० च्या दशकात रूढ झाली. अमेरिकेत दारूबंदी होती, अमेरिकन झेंड्याच्या प्रवासी जहाजांवरही दारू देता येत नव्हती, म्हणून काही जहाजे पनामाच्या नोंदवहीत गेली. नंतर कर आणि पगार वाचवायला इतरांनी ती वाट धरली. मालक ग्रीक, कचेरी लंडनला, कर्ज न्यूयॉर्कचे, झेंडा पनामाचा आणि माल कोणाचाही, अशी नवी व्यवस्था उभी राहिली. स्मर्नाने ओनासिसला एका देशावर विसंबून राहण्याचे परिणाम दाखवलेच होते. आता कोणत्याच देशात पुरते न राहणे हे त्याचे भांडवल झाले.

दुसरा धडा तेलाने शिकवला. इतर जहाजमालक कोळसा आणि धान्य वाहत असताना त्याने टँकरकडे नजर वळवली. इंगेबोर्ग डेडिचेन ही त्याची नॉर्वेजियन मैत्रीण. तिच्या माहेरी व्हेलची शिकार आणि जहाजे हाच व्यवसाय. तिच्या ओळखींमुळे त्याला स्कँडिनेव्हियातल्या जहाजबांधणीची दारे उघडली. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथे त्याने १५,००० टनांचा टँकर बांधायला दिला. त्या काळच्या मानाने हे धूड होते आणि जाणत्यांनी त्याला वेड्यात काढले. १९३८ मध्ये 'अरिस्टन' पाण्यात उतरला. टँकर दुप्पट मोठा केला म्हणून खलाशी दुप्पट लागत नाहीत, इंजिनही दुप्पट तेल खात नाही, हे साधे गणित त्याने इतरांच्या आधी मांडले होते.

महायुद्ध

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध पेटले आणि त्याचे टँकर स्वीडनच्या बंदरात अडकले. स्वीडन तटस्थ होता, बाहेरचा समुद्र जर्मनांच्या हातात होता. तेव्हा हे संकट वाटले. १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडू लागण्याच्या सुमारास ओनासिस अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कला गेला आणि युद्धाची वर्षे त्याने तिथेच काढली. त्याची मालवाहू जहाजे दोस्तांच्या कामी लागली. त्याच्या निष्ठा नेमक्या कुठे आहेत, अशी शंका येऊन एफबीआयने त्याच्यावर नजर ठेवली होती. नाना देशांत धंदा करणाऱ्या माणसाकडे युद्धकाळात सगळेच देश वाकड्या नजरेने पाहतात.

उत्तर अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी व्यापारी जहाजांचा फडशा पाडला. ग्रीसने या युद्धात आपल्या व्यापारी ताफ्यातला जवळपास तीन-चतुर्थांश भाग गमावला; दोन हजारांहून अधिक ग्रीक खलाशी मेले. ओनासिसची जहाजे मात्र शाबूत राहिली. स्वीडनमध्ये अडकलेले टँकर त्या अडकण्यामुळेच वाचले होते. शांतता झाली तेव्हा जगभर जहाजांचा दुष्काळ होता आणि त्याच्याकडे जहाजे होती. इथे हुशारी किती आणि नशीब किती, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर नशिबाचा वाटा मोठा म्हणावा लागेल.

पुढे जे झाले त्यात मात्र हुशारी होती. बुडणाऱ्या जहाजांची भरपाई करायला अमेरिकेने 'लिबर्टी' जातीची मालवाहू जहाजे कारखान्यातल्या मोटारींच्या वेगाने बांधली होती, एकूण २,७१०. युद्ध संपताच त्यांची गरज संपली. १९४७ च्या सुमारास त्यातली शंभर जहाजे ग्रीस सरकारच्या हमीवर ग्रीक मालकांना सवलतीने मिळाली. युद्धोत्तर ग्रीक नौवहनाचा पाया या शंभर जहाजांनी घातला. जुन्या घराण्यांच्या त्या वाटपात स्मर्नाच्या निर्वासिताला एकही जहाज आले नाही. तोपर्यंत त्याने किओस बेटावरून आलेल्या स्टॅव्ह्रोस लिव्हानोस या मातब्बर जहाजमालकाच्या मुलीशी, टीनाशी, १९४६ मध्ये लग्न केले होते. तरीही घराणेदार जहाजवाल्यांच्या पंगतीत त्याचे पान मांडले गेले नाही. त्याने स्वतःच्या बळावर डझनाहून अधिक लिबर्टी विकत घेतल्या.

दुसऱ्याच्या पैशांची जहाजे

इथे ओनासिसच्या धंद्याचे मर्म समजून घ्यायला हवे. जहाज भाड्याने देण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. एक, त्या दिवशीच्या बाजारभावाने एकेका फेरीचे भाडे घ्यायचे. दुसरी, जहाज काही वर्षांच्या कराराने ठरावीक दराने द्यायचे. मुंबईत धो धो पावसात उभ्या प्रवाशाकडून मागेल ते भाडे घेणारा रिक्षावाला पहिल्या प्रकारचा. महिन्याच्या बोलीवर शाळेची मुले नेणारा दुसऱ्या प्रकारचा. पहिल्याला कधी घबाड मिळते, कधी दिवस कोरडा जातो. दुसऱ्याची मिळकत बेताची, पण ठरलेली.

ओनासिसने या ठरलेल्या मिळकतीचा वापर तारण म्हणून केला. मोठ्या अमेरिकन तेल कंपनीशी तो आधी काही वर्षांचा करार करी. अजून जहाज बांधलेलेही नसे. तो करार घेऊन तो बँकेत किंवा विमा कंपनीत जाई. कर्जाचा हप्ता तेल कंपनी भाड्यातून परस्पर भरणार, म्हणजे बँकेला घोर नाही. त्या कर्जातून जहाज बांधायचे. करार संपेपर्यंत कर्ज फिटते आणि जहाज त्याचे होते. मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने त्याला याच रीतीने ४ कोटी डॉलर दिले. ही कल्पना अमेरिकन जहाजमालक डॅनियल लुडविगने आधी वापरली होती. ओनासिस आणि त्याचा साडू व हाडवैरी स्टॅव्ह्रोस निआर्कोस यांनी तिच्यावर साम्राज्ये उभारली.

जहाजे बांधायला त्याने हरलेल्या जर्मनीची निवड केली. तिथले कारखाने कामाला भुकेले होते, कारागीर उत्तम होते आणि दर कमी होते. १९५३ मध्ये हॅम्बुर्गला बायकोच्या नावाचा सुमारे ४५,००० टनांचा 'टीना ओनासिस' तयार झाला. तेव्हाचा तो जगातला सर्वांत मोठा टँकर. युद्धाच्या भंगारातूनही त्याने आपली हौस भागवली. नॉर्मंडीच्या चढाईत भाग घेतलेली 'स्टॉरमाँट' ही कॅनेडियन युद्धनौका त्याने सुमारे ३४,००० डॉलरला घेतली आणि कील इथे कित्येक लाख डॉलर ओतून मुलीच्या नावाची 'क्रिस्टिना' ही विलासी नौका बनवली. विन्स्टन चर्चिल त्या नौकेवर वारंवार पाहुणे असत.

परक्या देशांत परका राहून धंदा करण्याची किंमतही त्याला मोजावी लागली. अमेरिकेने युद्धात बांधलेले टँकर फक्त अमेरिकन नागरिकांना विकायचे, असा नियम होता. ओनासिसने अमेरिकन माणसे पुढे करून कंपनी काढली आणि टँकर घेतले. १९५४ मध्ये त्याच्यावर खटला उभा राहिला. ७० लाख डॉलर भरून त्याने १९५५ मध्ये तडजोड केली.

सुएझ

याच काळात त्याने सर्वांत मोठी उडी घेतली आणि ती चुकली. जानेवारी १९५४ मध्ये त्याने सौदी अरेबियाच्या राजाशी जेद्दा इथे करार केला. सौदी झेंड्याखाली टँकरचा ताफा उभारायचा आणि सौदी तेल वाहून नेण्याचा अग्रहक्क त्याला मिळायचा. त्या तेलावर अमेरिकन कंपन्यांच्या अराम्कोची पकड होती. कंपन्या खवळल्या, अमेरिका आणि ब्रिटन दोन्ही सरकारे विरोधात गेली. तेल कंपन्यांनी त्याची जहाजे घेणेच थांबवले. जुने करार संपत गेले, नवे मिळेनात आणि एकेक टँकर रिकामा उभा राहू लागला. पुढे १९५८ मध्ये लवादानेही अराम्कोच्या बाजूने निकाल दिला. १९५६ च्या उन्हाळ्यात ओनासिस बुडणार, अशीच चर्चा होती.

२६ जुलै १९५६ रोजी इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायल, पाठोपाठ ब्रिटन आणि फ्रान्स इजिप्तवर चालून गेले. इजिप्तने चाळीसहून अधिक जहाजे आणि इतर अडथळे बुडवून कालवा बंद केला. पश्चिम युरोपच्या तेलाचा मोठा हिस्सा याच वाटेने येई. आता इराणच्या आखातातून निघालेल्या टँकरला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालणे भाग पडले. सुमारे ६,५०० सागरी मैलांची वाट ११,००० च्या पुढे गेली. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर मुंबई ते लंडन हे सुएझमार्गे सुमारे ६,२०० सागरी मैलांचे अंतर आफ्रिकेला वळसा घालून १०,७०० होते. वाट सुमारे पावणेदोनपट म्हणजे तेवढेच तेल आणायला सुमारे पावणेदोनपट टँकर हवेत.

ते होते कोणाकडे? बाकीच्या मालकांचे टँकर वर्षानुवर्षांच्या करारांत बांधलेले होते. भाव कितीही चढला तरी त्यांना जुन्याच दराने चालणे भाग होते. तेल कंपन्यांनी बहिष्कार घातल्यामुळे मोकळे उभे राहिलेले टँकर ओनासिसकडे होते. ज्यांनी त्याला नाकारले त्याच कंपन्या आता अनेक पटींनी चढलेले भाडे मोजायला तयार झाल्या. कालवा एप्रिल १९५७ मध्ये पुन्हा खुला होईपर्यंत त्याने ६ ते ७ कोटी डॉलर कमावल्याचे सांगितले जाते. शत्रूंनी कोंडी केली म्हणून तो या लाटेवर स्वार होऊ शकला. इतका मोठा नफा त्याने योजून मिळवला, असे म्हणणे त्याच्या चाहत्यांना आवडेल. वस्तुस्थिती तशी नाही. मात्र लाट आल्यावर कोणत्या जहाजाला किती दिवसांसाठी किती भाडे लावायचे, हे त्याच्याइतके नेमके कोणाला साधले नाही, हेही तितकेच खरे.

१९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धाने कालवा पुन्हा बंद झाला, आणि या वेळी तब्बल आठ वर्षांसाठी. आत सापडलेली पंधरा जहाजे तिथेच अडकून पडली. पहिल्या वेळचा धडा जहाजवाले विसरले नव्हते. वळसाच घालायचा तर जहाज कालव्यात मावते की नाही, याची फिकीर कशाला? दोन-तीन लाख टनांचे महाकाय टँकर बांधले जाऊ लागले. ओनासिसला पुन्हा भरती आली.

ओहोटी

ऑक्टोबर १९७३ च्या युद्धाने मात्र जहाजवाल्यांचे गणित उलटे केले. अरब देशांनी तेल रोखले, किंमत चौपट झाली आणि जगाने तेल जपून वापरायला सुरुवात केली. वाट लांब होती, पण न्यायला तेलच कमी झाले. टँकरची भाडी कोसळली, नुकते बांधलेले महाकाय टँकर नॉर्वे आणि ग्रीसच्या खाड्यांत रिकामे उभे राहिले. त्या वर्षाच्या जानेवारीत ओनासिसचा एकुलता एक मुलगा अलेक्झांडर अथेन्सच्या विमानतळावरच्या अपघातात गेला होता. ओनासिस त्यातून सावरला नाही. १५ मार्च १९७५ रोजी पॅरिसजवळ त्याचे निधन झाले. तीन महिन्यांच्या आत, ५ जून १९७५ रोजी, सुएझ कालवा पुन्हा वाहतुकीला खुला झाला.

त्याच्या हिशेबवहीची दुसरी बाजू खलाशांची आहे. पनामा आणि लायबेरियाच्या झेंड्यांनी कर वाचला, तसा पगार आणि सुरक्षाही स्वस्त झाली. लायबेरियाने १९४९ मध्ये आपली नोंदवही उघडली तेव्हा तिच्यातले पहिले जहाज निआर्कोसचे होते; त्याचे नाव 'वर्ल्ड पीस'. वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या उसन्या झेंड्यांविरुद्ध १९४८ पासून मोहीम चालवली आहे. तिच्यामुळे किमान वेतनाचे करार झाले, पण व्यवस्था मोडली नाही.

आज पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या तीन छोट्या देशांच्या नोंदवह्यांत जगातल्या एकूण जहाज क्षमतेचा सर्वांत मोठा वाटा आहे. ग्रीक मालकांकडे जगाच्या वहनक्षमतेचा सहावा हिस्सा आहे आणि त्यातली बहुतेक जहाजे ग्रीसचा झेंडा लावत नाहीत. २०२३ च्या अखेरीस येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा जहाजे पुन्हा आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि भाडी पुन्हा चढली. २६ जानेवारी २०२४ रोजी एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या टँकरवर क्षेपणास्त्र आदळून आग लागली. जहाजावर झेंडा मार्शल बेटांचा होता आणि खलाशी होते २२ भारतीय व १ बांगलादेशी. भारतीय नौदलाच्या 'विशाखापट्टणम' या विनाशिकेचे पथक आग विझवायला धावून गेले.

ओनासिसने युद्धे लावली नाहीत. युद्धाने लांबणाऱ्या वाटेवर कोणाला, कधी आणि किती पैसे मिळतात, हे त्याने इतरांपेक्षा आधी ओळखले आणि त्यासाठी कोणत्याही देशाला न बांधलेली एक यंत्रणा उभी केली. ती यंत्रणा आजही चालू आहे. युद्धकाळातला नफा मालकाच्या खात्यात दूर कुठेतरी जमा होतो आणि धोका मात्र जहाजावरच्या माणसाच्या वाट्याला येतो. हा हिशेब शंभर वर्षांत बदललेला नाही.